साखर उतरली तर: मधुमेही व्यक्तीसाठी आणि नवजात बाळासाठी काय करावे

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते आणि साखर सामान्य असताना त्या सगळ्या रक्तात मिळून जेमतेम एक चहाचा चमचा भरेल एवढे ग्लुकोज असते. या चमचाभर साठ्यातून एकटा मेंदूच तासाला पाच ग्रॅमच्या आसपास खर्च करतो. यकृत हा साठा सतत भरत राहते, म्हणून आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. मधुमेहावरील काही औषधे हा भरणा रोखतात आणि खर्च वाढवतात, तर नुकत्याच जन्मलेल्या बाळात भरणा करणारी यंत्रणा अजून पुरती सुरू झालेली नसते. दोन्हीकडे परिणाम एकच, रक्तातील साखर उतरणे. उपाय मात्र वेगळे आहेत, आणि एका बाबतीत तर अगदी उलट. शुद्धीवर असलेल्या मधुमेही माणसाला ताबडतोब साखर द्यायची असते. नवजात बाळाच्या तोंडात घरच्या माणसांनी साखर, मध किंवा गुळाचे पाणी यांतले काहीही घालायचे नसते. घरोघरी गल्लत होते ती नेमकी इथे, म्हणून दोन्ही विषय एकत्र मांडत आहे. औषधांचे डोस ठरवणे हे डॉक्टरांचे काम आहे. येथे लिहिले आहे ते डॉक्टर समोर नसताना घरच्यांनी काय करावे आणि काय करू नये, याबद्दल.

साखर उतरली हे कसे ओळखावे

मधुमेहाची औषधे घेणाऱ्या व्यक्तीच्या रक्तात दर डेसीलिटरला ७० मिलिग्रॅमपेक्षा कमी साखर दिसली, तर ती उतरली असे धरून उपाय सुरू करावा. ५४ च्या खाली गेल्यास मेंदूचे काम बिघडू लागते आणि प्रसंग गंभीर होतो. त्यापुढची पायरी आकड्यावर ठरत नाही: स्वतः साखर खाण्याचे भान उरले नाही आणि दुसऱ्याची मदत लागली, की तो प्रसंग तीव्र मानतात. ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियात मुलांकडे गेलेल्या आईवडिलांनी एक लक्षात ठेवावे, की तिथल्या यंत्रांवर आकडे मिलिमोलमध्ये येतात. तिथले ३.९ म्हणजे आपले ७०, आणि तिथले ३.० म्हणजे आपले ५४. तिथल्या आकड्याला १८ ने गुणले की आपला आकडा मिळतो. यंत्रावर ५.५ पाहून घाबरून साखर खाण्याचे कारण नाही.

लक्षणे दोन प्रकारची असतात. पहिली शरीराने दिलेल्या धोक्याच्या सूचनेची: दरदरून घाम सुटणे, हात थरथरणे, छातीत धडधडणे, पोटात खड्डा पडल्यासारखी भूक लागणे, ओठांना मुंग्या येणे. दुसरी मेंदू उपाशी राहिल्याची: चिडचिड, बोलण्यात अडखळणे, भलतेच उत्तर देणे, डोळ्यांपुढे धूसर होणे, तोल जाणे, गुंगी, आणि शेवटी फिट किंवा बेशुद्धी. दुसऱ्या प्रकारची लक्षणे फसवी असतात, कारण बघणाऱ्याला माणूस दारू प्यायलेला वाटतो किंवा अर्धांगवायूचा झटका आला असे वाटते. माझे वडील एरवी अत्यंत मितभाषी. एका दुपारी जेवण लांबले असताना त्यांनी शर्टाची बटणे उलटसुलट लावली आणि कोणी ती नीट करायला गेले तेव्हा हात झटकून “मला काही झालेलं नाही” असे दरडावले. मान आणि पाठ घामाने चिंब होती, पंखा मात्र डोक्यावर चालू होता. साखर निघाली ४६. ज्याची साखर उतरली आहे त्याचा स्वतःबद्दलचा निर्वाळा ग्राह्य धरू नये, हे मी त्या दिवशी शिकलो.

रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा-ब्लॉकर गटातील गोळी, उदाहरणार्थ अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल किंवा प्रोप्रॅनोलॉल, चालू असेल तर धडधड आणि थरथर झाकली जाते. घाम मात्र सहसा येतोच, म्हणून अशा व्यक्तीच्या घामाकडे लक्ष ठेवावे. ज्यांची साखर वारंवार उतरते त्यांच्यात तर शरीर सूचना देणेच हळूहळू थांबवते आणि माणूस थेट गोंधळतो किंवा कोसळतो. रात्री झोपेत साखर उतरल्याच्या खुणा सकाळी सापडतात: ओले झालेले अंथरूण, वाईट स्वप्ने, उठल्यावर डोकेदुखी. अशी शंका आल्यास दोन-तीन रात्री तीनच्या सुमारास साखर तपासून आकडे लिहून ठेवावेत आणि ते डॉक्टरांना दाखवावेत.

तपासण्यापूर्वी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. आंबा कापलेल्या किंवा लाडू वळलेल्या हाताचे बोट टोचले, तर त्वचेवरची साखर रक्ताच्या थेंबात मिसळते, आकडा खोटाच चढा येतो आणि उतरलेली साखर लपते. ग्लुकोमीटर जवळ नसेल, पट्ट्या संपल्या असतील किंवा यंत्र शोधण्यात वेळ जाणार असेल, तर लक्षणांवरूनच उपाय सुरू करावा. तीन चमचे साखर चुकून जास्त पोटात गेल्याने तासभर आकडा वाढेल, एवढेच. उलट बाजूची चूक फार महागात पडते.

माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर

जगभर वापरला जाणारा नियम पंधराचा आहे: लवकर विरघळणारी १५ ग्रॅम साखर द्यावी, १५ मिनिटे थांबावे आणि पुन्हा तपासावे. पंधरा ग्रॅम म्हणजे ग्लुकोज पावडरचे चहाचे तीन चमचे थोड्या पाण्यात, किंवा साध्या साखरेचे तेवढेच चमचे पाण्यात ढवळून, किंवा सुमारे १५० मिलिलिटर फळांचा रस अथवा साधे गोड शीतपेय. शीतपेय ‘डाएट’ किंवा ‘झिरो’ असेल तर त्याचा काहीही उपयोग नाही, आणि मधुमेही माणसाच्या घरातल्या फ्रीजमध्ये बहुधा तेच असते. गूळ चालतो, पण थरथरत्या हाताने खडा फोडून चावत बसण्यापेक्षा तो पाण्यात विरघळवून द्यावा.

आपल्याकडे अशा वेळी पहिला हात पेढ्याच्या डब्याकडे जातो. पेढा, बर्फी, बेसनाचा लाडू, चॉकलेट, आइस्क्रीम हे सगळे गोड असले, तरी त्यांतील स्निग्धांशामुळे अन्न पोटातून पुढे सरकायला वेळ लागतो आणि साखर रक्तात उशिरा पोहोचते. दूध आणि बिस्किटांचेही तेच. त्यांची पाळी नंतर येते.

एक सूचना मात्र फार थोड्या घरांत माहीत असते. व्होग्लिबोज किंवा अ‍ॅकार्बोज ही औषधे आतड्यात साखरेचे विघटन मंद करण्यासाठीच दिलेली असतात. ती घेणाऱ्या व्यक्तीला इन्सुलिनमुळे किंवा दुसऱ्या गोळीमुळे साखर उतरल्यावर घरातली पांढरी साखर दिली, तर ती फुटून ग्लुकोज व्हायला वेळ लागतो. अशा व्यक्तीला ग्लुकोज पावडरच द्यावी लागते. ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज ही तिन्ही औषधे एकत्र असलेल्या गोळ्या आपल्याकडे सर्रास लिहून दिल्या जातात आणि रुग्णाला आपण ‘एकच गोळी’ घेतो असे वाटत असते. गोळ्यांच्या पाकिटाच्या मागची बारीक अक्षरे आजच वाचून पाहावीत.

पंधरा मिनिटांची वाट पाहणे अवघड जाते, कारण भूक अनावर झालेली असते आणि हाती येईल ते खावेसे वाटते. तरीही थांबावे. तासाभराने साखर तीनशेच्या घरात जाते, ती बहुतेक वेळा या पंधरा मिनिटांत खाल्लेल्या अन्नामुळे. पुन्हा तपासल्यावर आकडा ७० च्या खालीच असेल, तर तेवढीच साखर पुन्हा द्यावी. तिसऱ्या फेरीनंतरही तो वर येत नसेल तर रुग्णालय गाठावे. आकडा वर आल्यावर, पुढचे जेवण तासाभरापेक्षा लांब असेल तर अर्धी भाकरी, पोळी-भाजी किंवा दूध-पोहे असे काहीतरी टिकणारे खाऊ घालावे, नाहीतर चढलेली साखर पुन्हा उतरते. पुढच्या वेळचे इन्सुलिन किंवा गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये; डॉक्टरांना आकडे सांगून विचारावे.

साखर गोळीमुळे उतरली असेल, तर एकदा आकडा वर आला म्हणजे प्रसंग टळला असे समजू नये. ग्लिबेनक्लॅमाइड आणि ग्लिमेपिराइड या गटातील गोळ्या स्वादुपिंडाला तासन् तास इन्सुलिन स्रवायला लावतात, आणि मूत्रपिंडे कमजोर असतील तर त्यांचा अंमल दिवसभर किंवा त्याहूनही अधिक काळ टिकतो. अशा वयस्कर व्यक्तीची साखर दुपारी सावरते आणि पहाटे पुन्हा कोसळते. तिला रुग्णालयात ठेवून घेण्याचा सल्ला मिळाल्यास तो डॉक्टरांचा अतिरेक समजू नये. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांची साखर मात्र सहसा अशी उतरत नाही.

शुद्ध हरपली असेल तर

तोंडात काहीही घालू नये. पाणी नाही, साखरेचे पाणी नाही, मधही नाही. बेशुद्ध माणसाला गिळता येत नाही आणि द्रव श्वासनलिकेत गेल्यास एका संकटाची दोन संकटे होतात. त्याला कुशीवर वळवावे, मान किंचित मागे ठेवून श्वास मोकळा आहे ना ते पाहावे आणि १०८ ला फोन करावा. फोनवर पहिल्याच वाक्यात “मधुमेहाचे रुग्ण आहेत, इन्सुलिन घेतात, शुद्धीवर नाहीत” असे सांगावे. फिट येत असेल तर दात उघडण्यासाठी चमचा घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत, आणि कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात मिनिटे घालवू नयेत. अशा वेळी इन्सुलिन टोचण्याची चूकही घडलेली मी ऐकली आहे. ‘मधुमेह वाढला’ एवढेच डोक्यात बसलेले असते.

घरात ग्लुकागॉनचे इंजेक्शन असेल आणि ते कसे द्यायचे हे डॉक्टरांनी आधी शिकवलेले असेल, तर प्रौढाला १ मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत द्यावे. लहान मुलांना अर्धा डोस लागतो. ते यकृतातील साठवलेली साखर बाहेर काढते. उलटी होण्याची शक्यता असते, म्हणूनही कुशीवर ठेवणे आवश्यक. टाइप १ मधुमेह असलेल्या मुलाच्या पालकांनी हे औषध आपल्या गावात मिळते का, याची चौकशी गरज पडण्याआधीच करावी. रुग्णालयात शिरेतून ग्लुकोज दिल्यावर माणूस बहुधा काही मिनिटांत डोळे उघडतो. रुग्णवाहिकेची वाट पाहताना शेवटचे जेवण किती वाजता झाले, कोणते औषध किती वाजता दिले आणि बेशुद्धी कधी लक्षात आली, या तीन वेळा कागदावर लिहाव्यात आणि औषधांची पिशवी सोबत द्यावी.

का उतरली, याचा शोध

साखर आपोआप उतरत नाही. इन्सुलिन घेऊन जेवण लांबले, नेहमीपेक्षा जास्त चालणे झाले, उलट्या-जुलाब झाले, वजन घटले किंवा मूत्रपिंडांचे काम मंदावून औषध शरीरात साचू लागले, यांपैकी काहीतरी सापडतेच. व्यायामाचा परिणाम त्याच दिवशी संपतो असेही नाही. संध्याकाळी गड चढून उतरलेल्याची साखर दुसऱ्या पहाटेही खाली जाऊ शकते. उपाशीपोटी मद्य घेतल्यास यकृत नवी साखर तयार करण्याचे थांबवते, आणि सोबतचे लोक त्या बडबडीला नशा समजतात. इन्सुलिन घेणाऱ्याने गाडी चालवण्याआधी साखर ९० च्या वर असल्याची खात्री करावी. वाटेत उतरली, तर गाडी बाजूला लावून साखर घ्यावी आणि आकडा सावरल्यानंतरही पाऊण तास चाक हाती घेऊ नये.

उपवास हा आपल्याकडचा मोठा विषय आहे. एकादशी, संकष्टी, नवरात्राचे नऊ दिवस किंवा रमजानचे रोजे, यांपैकी काहीही धरायचे असेल तर ‘गोळी नेहमीची, जेवण मात्र नाही’ हे गणित जमत नाही. उपवासाच्या आदल्या आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन त्या दिवसाचा डोस लिहून घ्यावा, आणि साखर ७० च्या खाली गेली तर उपवास तिथेच सोडायचा हे घरात आधी ठरवून ठेवावे. ज्यांची साखर वारंवार उतरते त्यांनी निर्जळी उपवास करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता सिरिंजबद्दल, आणि येथे थोडे थांबावे. भारतात इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक ४० युनिटच्या असतात, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. त्यांच्यासाठीच्या सिरिंजचे टोपण लाल असते आणि तिच्यावर चाळीसपर्यंत रेघा असतात. पेनमध्ये घालायची काडतुसे, तसेच अमेरिका आणि ब्रिटनमध्ये मिळणाऱ्या बाटल्या १०० युनिटच्या असतात. त्यांच्या सिरिंजचे टोपण नारिंगी असते. लाल आणि नारिंगी हे दोन रंग संध्याकाळच्या पिवळ्या दिव्यात सत्तरीतल्या डोळ्यांना किती वेगळे दिसतात, ते करून पाहावे. समजा, मुलाकडून परदेशातून आणलेली १०० युनिटची बाटली आहे आणि सिरिंज इथली लाल टोपणाची. वीसच्या रेघेपर्यंत इन्सुलिन ओढले की सिरिंजमध्ये अर्धा मिलिलिटर येतो, आणि त्या अर्ध्या मिलिलिटरमध्ये २० च्या जागी ५० युनिट असतात. डोस अडीचपट झाला, आणि रेघ मात्र बरोबर वीसचीच दिसते. पेन बिघडले म्हणून त्याच्या काडतुसातून लाल सिरिंजने औषध ओढतात तेव्हाही हेच घडते. म्हणून बाटली बदलली, दुकान बदलले किंवा टोचणारा माणूस बदलला, की बाटलीवरचा ४० किंवा १०० हा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा मोठ्याने वाचून जुळवावा.

टोचण्याच्या जागेचीही एक बाब आहे. पोटावर एकाच ठिकाणी वर्षानुवर्षे टोचल्याने तिथे मऊ गाठ येते, आणि तिथून इन्सुलिन कधी हळू तर कधी एकदम रक्तात जाते. डोस न बदलता साखर वर-खाली होत असेल तर आधी बोटांनी पोट चाचपून पाहावे. अशी गाठ सोडून नवी जागा निवडल्यावर औषध नीट लागू पडते, त्यामुळे पहिल्या दिवसांत साखर उतरण्याचा धोका उलट वाढतो. जागा बदलण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे ते यासाठी.

नवजात बाळ

पोटात असताना बाळाला नाळेतून ग्लुकोज अखंड मिळत असते. नाळ कापली की तो पुरवठा एका क्षणात थांबतो आणि पहिल्या एक-दोन तासांत प्रत्येक बाळाची साखर थोडी उतरतेच. मग बाळाचे यकृत कामाला लागते आणि ती वर येऊ लागते. त्यामुळे प्रौढांचा ७० चा आकडा येथे लावायचा नाही. भारतातील नवजात विभागांत साधारणपणे ४५ मिलिग्रॅमच्या खालची साखर उपचारयोग्य मानतात. जन्मानंतर काही तासांनी बाळाची साखर ५८ आली म्हणून आजीने हवालदिल होण्याचे कारण नाही.

वेळेवर जन्मलेल्या, पुरेशा वजनाच्या, अंगावर नीट पिणाऱ्या निरोगी बाळाची साखर तपासण्याची गरज नसते. तपासावी लागते ती कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या, जन्मतः गुदमरलेल्या, गार पडलेल्या किंवा जंतुसंसर्ग झालेल्या बाळाची, आणि मधुमेही आईच्या बाळाची. मधुमेही आईचे बाळ बहुधा गुटगुटीत असते, आणि चार किलोच्या बाळाला कसला धोका, असे नातेवाईक विचारतात. याचे उत्तर डेन्मार्कचे डॉक्टर यॉर्गन पेडरसन यांनी १९५० च्या दशकात मांडले: आईच्या रक्तातील जादा साखर वारेतून बाळाकडे जाते, इन्सुलिन मात्र जात नाही, म्हणून बाळाचे स्वादुपिंड स्वतःच भरपूर इन्सुलिन तयार करू लागते. नाळ कापल्यावर साखर येणे थांबते, पण इन्सुलिनचा जोर तसाच राहतो, आणि साखर कोसळते. हा धोका पहिल्या दिवसात सर्वांत मोठा असतो. कमी वजनाच्या बाळाचे कारण वेगळे आहे: त्याच्या यकृतात साठाच नसतो, आणि त्याच्यावर अधिक दिवस लक्ष ठेवावे लागते. आपल्याकडे अशी बाळे बरीच जन्मतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या गावांत केलेल्या अभ्यासात बाळांचे सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो होते.

पहिल्या तासात करायच्या गोष्टी साध्या आहेत. बाळ कोरडे करून आईच्या उघड्या छातीवर ठेवावे, वरून दोघांना पांघरूण घालावे, डोक्याला टोपी घालावी आणि तासाच्या आत अंगावर लावावे. गार पडलेले बाळ ऊब टिकवण्यासाठी साखर जाळते, म्हणून ऊब हा इथे साखरेचाच उपाय आहे. पहिल्या दिवशी आंघोळ घालण्याची घाई करू नये. त्यानंतर दर दोन-तीन तासांनी, दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावे. झोपले आहे म्हणून पाच तास झोपू द्यावे, हा नियम धोक्यातल्या बाळाला लागू नाही.

“दूध उतरलेच नाही” ही पहिल्या दिवशीची नेहमीची तक्रार. पहिल्या दिवशी येतो तो पिवळसर, दाट चीक, आणि तो एका वेळी काही थेंब ते एक-दोन चमचे एवढाच असतो. बाळाचे पोटही त्या बेताचेच असते. चीक पिळून टाकून देण्याची पद्धत अजूनही कुठे कुठे आहे. तसे करणे म्हणजे बाळाच्या तोंडचा घास फेकणे होय. बाळ ओढत नसेल तर हात धुऊन हाताने चीक काढावा. अंगठा आणि बोटे स्तनाच्या काळ्या भागाच्या कडेला ठेवून छातीकडे दाबावे, मग हलके चिमटीत घ्यावे आणि सोडावे. पहिली दोन-तीन मिनिटे काहीच येत नाही आणि मग थेंब जमू लागतात. ते स्वच्छ, उकळलेल्या वाटीत धरून चमच्याने किंवा बोंडल्याने, बाळाला किंचित उभे धरून, हळूहळू पाजावे.

सोन्याची अंगठी मधात बुडवून बाळाला चाटवणे, गुळाचे पाणी, गुटी यांबद्दल आग्रह धरणारी माणसे प्रेमानेच धरतात, पण त्यांना ठामपणे नाही म्हणावे. मधात असणाऱ्या जिवाणूंच्या बीजांमुळे बोट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो, म्हणून वर्षाच्या आतील बाळाला मध देऊच नये. शिवाय साखरपाण्याने पोट भरलेले बाळ अंगावर कमी ओढते, आणि मग दूधही उशिरा उतरते.

लक्षणे अनेकदा नसतातच, आणि म्हणूनच धोक्यातल्या बाळाची टाच ठरावीक तासांनी टोचतात: पहिल्या दोन तासांच्या आसपास, मग सहा, बारा, चोवीस आणि पुढे अठ्ठेचाळीस तासांनी, कधी त्यानंतरही. टाचेच्या कडेला टोचतात, मधोमध नाही. ग्लुकोमीटर इतक्या खालच्या आकड्यांवर फारसा भरवशाचा नसतो, म्हणून नमुना प्रयोगशाळेतही पाठवतात. मात्र अहवालाची वाट पाहत उपचार थांबवत नाहीत. घरचे यंत्र घेऊन नातेवाइकांनी बाळाची टाच टोचू नये. घरच्यांनी पाहायचे ते वेगळे: बाळ पिण्यासाठी उठत नाही, ओढ कमी झाली, रडणे क्षीण झाले, अंग सैल पडले, हातपाय गार लागतात, श्वास मध्येच थांबतो, ओठ निळे दिसतात. हातपाय थरथरत असतील तर आपल्या हाताने हलकेच धरावेत; धरल्यावर थांबली तर ती थरथर, आणि हाताखालीही झटके सुरूच राहिले तर ती फिट असू शकते. दोन्ही वेळी परिचारिकेला लगेच बोलवावे.

लक्षणे नसतील आणि साखर थोडीच कमी असेल, तर बाळाला पाजून पुन्हा तपासतात. काही रुग्णालयांत ४० टक्के ग्लुकोजची जेल बाळाच्या गालाच्या आतून चोळतात. न्यूझीलंडमधील हॅमिल्टन येथे झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या जेलचा उपयोग दिसून आला. मग आमच्या मधाने काय बिघडते, असा प्रश्न येतोच. ही जेल निर्जंतुक असते, किलोमागे अर्धा मिलिलिटर अशी मोजून देतात आणि लगेच बाळाला अंगावर लावून साखर पुन्हा तपासतात. लक्षणे असतील किंवा साखर फारच कमी असेल, तर शिरेतून १० टक्के ग्लुकोज, किलोमागे २ मिलिलिटर, देऊन पुढे थेंबथेंब चालू ठेवतात. हे सलाइन एकाएकी बंद करता येत नाही, ते टप्प्याटप्प्याने कमी करावे लागते. “आता बरे आहे, सलाइन काढा” असा हट्ट धरू नये. तीन दिवसांनंतरही साखर टिकत नसेल तर शरीरात इन्सुलिन जास्त तयार होण्याचा जन्मजात दोष किंवा दुसरे एखादे कारण आहे का, हे शोधावे लागते.

सरकारी जिल्हा रुग्णालयांतील नवजात अतिदक्षता कक्षात हे उपचार होतात, आणि २०११ पासून चालू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी नवजाताचे उपचार आणि ने-आण विनामूल्य आहे. नेताना बाळ कपड्यांत गुंडाळून कोणाच्या तरी मांडीवर देण्यापेक्षा आईच्या छातीला कातडीला कातडी लागेल असे बांधावे, आणि गिळत असेल तर वाटेत पाजत राहावे. घरी आल्यानंतर आशाताई तिसऱ्या, सातव्या आणि पुढे ठरलेल्या दिवसांना येतात, तेव्हा बाळ किती वेळा पिते आणि हातपाय गार लागतात का, हे त्यांना न विचारताच सांगावे.

राहिली आई. वार पडताच इन्सुलिनची गरज झपाट्याने कमी होते, त्यामुळे गरोदरपणातला डोस बाळंतपणानंतर तसाच चालू ठेवला तर तिचीच साखर उतरते. नवा डोस प्रसूतीच्या खोलीतून बाहेर पडण्यापूर्वी लिहून घ्यावा. पाजण्यातही तिची साखर खर्च होते, विशेषतः रात्री. उशाशी पाण्याचा तांब्या, ग्लुकोज पावडर आणि चमचा, आणि दोन खजूर किंवा डिंकाचा लाडू ठेवावा, आणि पाजण्याआधी किंवा पाजताना काहीतरी खावे. रात्री दोन वाजता बाळ अंगावर असताना हात थरथरू लागले, घाम सुटला, तर बाळाला आधी पाळण्यात ठेवावे किंवा शेजारी झोपलेल्या माणसाच्या हाती द्यावे, मग ग्लुकोज घ्यावे, पंधरा मिनिटे बसून राहावे, आणि आकडा सावरल्यावरच बाळाला पुन्हा उचलावे. बाळ तेवढा वेळ रडले तरी चालेल.